पारपटलावरचं फूल : एका व्रणाचा दीडशे वर्षांचा शोध

डोळ्यात फूल पडलेला माणूस समोर बसला की स्लिट लॅम्पमधून मी आधी त्या फुलाची कड पाहते आणि मग खोली. प्रकाशाची बारीक पट्टी पारपटलावरून आडवी सरकवताना निरोगी भाग जवळजवळ दिसतच नाही, नुसती एक फिकट राखाडी छटा जाणवते. फुलावर येताच तीच पट्टी पांढरी होते. आमच्या सांगली-मिरजेच्या भागात अशा रुग्णांमध्ये शेतकरी आणि शेतमजूर पुष्कळ असतात. कुणाला उसाचं पान लागलेलं असतं, कुणाच्या डोळ्यात मळणीच्या वेळी कुसळ गेलेलं असतं. ‘मॅडम, हे फूल तेवढं काढून टाका की,’ असं ते म्हणतात. फूल असं उपटून काढता येत नाही, हे मला त्यांना समजावून सांगावं लागतं. तिथे बाहेरून काही येऊन बसलेलं नसतं. तो पांढरा डाग मुख्यतः त्या माणसाच्या स्वतःच्या कोलॅजनचा असतो. ज्या प्रथिनापासून पारपटल पारदर्शक घडलं, त्याच प्रथिनाने जखम भरताना ते पांढरं केलेलं असतं.

एकच पदार्थ एका जागी प्रकाश आरपार जाऊ देतो आणि दोन मिलिमीटरवर अडवतो, असं का? या प्रश्नाचा इतिहास मला सांगायचा आहे. उमेदीची काही वर्षं मी एका प्रयोगशाळेत उंदरांच्या पारपटलांवर काम केलं, त्यामुळे या इतिहासाचा अलीकडचा भाग मी हातांनी जाणते. पण त्याची सुरुवात उंदरापासून झाली नाही. ती झाली बेडकापासून.

त्याआधी पारपटलाची घडण थोडक्यात सांगते. माणसाचं पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. सर्वांत वर पेशींचे पाच-सहा थर. त्यांच्या तळाशी आधारपटल नावाचा अतिशय पातळ पापुद्रा. त्याखाली बोमनचा थर आणि मग स्ट्रोमा, म्हणजे एकूण जाडीचा सुमारे नऊ दशांश भाग. स्ट्रोमात कोलॅजनच्या तंतूंचे चपटे पदर एकावर एक रचलेले असतात आणि पदरांच्या मध्ये केराटोसाइट नावाच्या पेशी हातपाय पसरून शांत पडलेल्या असतात. स्ट्रोमाच्या मागे डेसमेचं पटल आणि सर्वांत आत पेशींचा एकेरी थर. या सगळ्यात रक्तवाहिनी एकही नाही. एकोणिसाव्या शतकातले विकृतिशास्त्रज्ञ पारपटलाकडे वळले ते याच कारणाने.

त्या काळी बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो यांचा शब्द अखेरचा मानला जाई. प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीतूनच जन्मते, हे सूत्र त्यांनी रूढ केलं होतं. त्याच विचाराने, सूज आली की पूच्या पेशी त्या जागच्या ऊतीतल्या पेशींच्या वाढीतून तयार होतात, असं ते मांडत. पारपटलात रक्तवाहिन्या नाहीत, तरी जखम झाली की तिथे पेशींची गर्दी होते. मग त्या पेशी तिथल्याच असणार, हा तर्क सरळ होता. फिर्खोंच्याच संस्थेतले तरुण साहाय्यक युलियस कोनहाइम यांनी तो तपासायचं ठरवलं. त्यांनी बेडकाच्या शरीरात अ‍ॅनिलिनच्या निळ्या रंगाचे न विरघळणारे कण सोडले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी असे कण गिळतात, म्हणजे त्या पेशींवर आपोआप खूण झाली. मग त्यांनी बेडकाच्या पारपटलाला इजा केली आणि वाट पाहिली. सुजलेल्या पारपटलात निळे कण पोटात घेतलेल्या पेशी सापडल्या. त्या दूरच्या रक्तवाहिन्यांतून चालत तिथवर आल्या होत्या. १८६७ साली हा निबंध फिर्खोंच्या स्वतःच्या नियतकालिकात छापून आला. गुरूच्या मताला छेद देणारं काम गुरूच्याच पानांवर प्रसिद्ध झालं, याबद्दल मला दोघांचाही आदर वाटतो.

फिर्खोंचं म्हणणं मात्र पूर्णपणे खोटं ठरलं नाही. सुजेच्या पेशी बाहेरून येतात हे कोनहाइमनी दाखवलं. पण सूज ओसरल्यावर जो पांढरा डाग मागे उरतो, त्यातलं कोलॅजन कोण विणतं? हा वेगळा प्रश्न होता आणि तो पुढची नव्वद वर्षं नीट सुटला नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस व्हर्जिनिया वायमर यांनी जखमी पारपटलांच्या पातळ चकत्या वेगवेगळ्या तासांना काढून क्रमाने पाहिल्या. जखमेच्या कडेचे शांत केराटोसाइट आकार बदलतात, फुगतात, विभागतात आणि फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन विणणाऱ्या पेशी, होतात, असं त्यांनी दाखवलं. व्रण विणणारे हात मुख्यतः घरचेच होते.

या दोन टप्प्यांच्या मध्ये शस्त्रक्रियेच्या इतिहासातली एक मोठी घटना घडून गेली होती. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोरावियातल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी आलोइस ग्लोगर या मजुराच्या डोळ्यावर दुसऱ्या माणसाचं पारपटल बसवलं. चुन्याने ग्लोगरचे दोन्ही डोळे भाजले होते. कार्ल ब्राउअर नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाचा एक डोळा लोखंडाचा कण घुसून निकामी झाला होता आणि तो काढावा लागणार होता. त्या डोळ्याचं पारपटल अजून स्वच्छ होतं, तेच झिर्मनी वापरलं. ग्लोगरच्या एका डोळ्यातलं रोपण टिकलं आणि माणसाच्या पारपटलाचं हे पहिलं यशस्वी रोपण ठरलं. पुढे ओडेसात व्लादिमिर फिलाटोव्ह यांनी मृत व्यक्तींची पारपटलं वापरून हा मार्ग रुंद केला. १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये पहिली नेत्रपेढी उभी राहिली. आपल्याकडे तेव्हाच्या मुंबई राज्याने १९५७ साली पारपटलाच्या रोपणासाठी कायदा केला. पण रोपण म्हणजे खराब झालेला तुकडा काढून दुसरा बसवणं. तो तुकडा खराब का झाला, याचं उत्तर त्यात नव्हतं.

योगायोग असा की त्याच १९५७ साली त्या उत्तराचा पहिला मजबूत धागा हाती आला. लंडनचे डेव्हिड मॉरिस यांनी विचारलेला प्रश्न ऐकायला साधा आहे : पारपटल पारदर्शक का असतं? कोलॅजनचे तंतू आणि त्यांच्या मधला पाणीदार पदार्थ यांचे वक्रीभवनांक सारखे नाहीत. प्रत्येक तंतू थोडा थोडा प्रकाश विखुरतो आणि तंतू तर असंख्य. हिशेबाने पारपटल अपारदर्शकच असायला हवं. मॉरिस यांनी दाखवलं की तंतू सारख्या जाडीचे असतील आणि ठरावीक अंतराने रचलेले असतील, तर बाजूला विखुरलेल्या लहरी एकमेकींना खोडून टाकतात. सरळ पुढे जाणारा प्रकाश तेवढा शिल्लक राहतो. माणसाच्या पारपटलातला एकेक तंतू सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचा असतो, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. प्रकाशाच्या मानाने तंतू फारच बारीक, आणि म्हणूनच त्यांच्या रचनेला एवढं महत्त्व.

मॉरिस यांना तंतूंची रचना जाळीसारखी काटेकोर असावी असं वाटत होतं. १९६७ साली गोल्डमन आणि बेनेडेक यांनी शार्क माशाचं पारपटल तपासलं. त्यातल्या एका थरात तंतू अस्ताव्यस्त होते आणि तरीही तो थर पारदर्शक होता. १९६९ साली हार्ट आणि फॅरेल यांनी गणिताने दाखवलं की शेजारच्या तंतूंपुरती शिस्त असली तरी पुरे. तंतूंची घनता एका जागी जास्त आणि दुसऱ्या जागी कमी झाली, आणि हा चढउतार प्रकाशाच्या अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास पोचला, की मात्र पांढरेपणा येतो. स्लिट लॅम्पखाली मला जे फूल दिसतं, ते या बिघडलेल्या हिशेबाचं दृश्य रूप आहे.

मॉरिस लंडनमध्ये हा हिशेब मांडत होते, त्याच्या थोडं आधी कोलॅजनचा रेणू कसा असतो हे कोडं मद्रासमध्ये सुटलं होतं. १९५२ साली स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले असताना त्यांनी तिथले भौतिकशास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांचं लक्ष कोलॅजनकडे वेधलं. शेजारीच केंद्रीय चर्मसंशोधन संस्था होती, आणि कातडं म्हणजे कोलॅजनच. क्ष-किरणांच्या अभ्यासासाठी चांगला नमुना म्हणून कांगारूच्या शेपटीचा स्नायुरज्जू ऑस्ट्रेलियाहून आणवला गेला. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ साली ‘नेचर’मध्ये तीन साखळ्यांच्या पिळाची रचना मांडली आणि पुढच्याच वर्षी ती सुधारून घेतली. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन असतं, कारण पिळाच्या आतल्या अरुंद जागेत दुसरं अमिनो आम्ल मावत नाही. त्वचा, हाड, स्नायुरज्जू आणि पारपटल या सगळ्यांच्या मुळाशी हा एकच पीळ आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण डोळ्याच्या या इतिहासातलं एक महत्त्वाचं पान आपल्या देशात लिहिलं गेलं आहे.

मग पीळ एकच असताना ऊती एवढ्या वेगळ्या कशा? १९६९ साली मिलर आणि मॅटुकस यांना कोंबडीच्या कूर्चेत वेगळ्या साखळीचं कोलॅजन सापडलं आणि कोलॅजन हे एक प्रथिन नसून मोठं कुटुंब आहे हे कळलं. आज पृष्ठवंशी प्राण्यांत त्याचे २८ प्रकार धरले जातात. पारपटलात पहिला प्रकार सर्वांत जास्त असतो. पण इतर ऊतींत अगदी थोडा असणारा पाचवा प्रकार इथे एकूण तंतुमय कोलॅजनच्या १० ते २० टक्के भरतो. डेव्हिड बर्क, थॉमस लिन्सेनमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली कोंबडीच्या पारपटलात दाखवलं की पहिला आणि पाचवा प्रकार एकाच तंतूत मिसळलेले असतात. दोन वर्षांनी त्यांनी परीक्षानळीत तंतू बनवून पाहिले. पाचव्या प्रकाराचं प्रमाण वाढवलं की तंतू बारीक होत. तंतूची जाडी आवरून धरणारा लगाम सापडला होता.

जखमेत हा लगाम सुटतो. ते पहिल्यांदा बारकाईने पाहिलं गेलं सशांवर. बॉस्टनमध्ये चार्ल्स सिंट्रॉन आणि सहकाऱ्यांनी १९७३पासून सशाच्या पारपटलाला दोन मिलिमीटरचं गोल छिद्र पाडून ते कसं भरतं याची नोंद ठेवली. आधी फायब्रिनची गुठळी, मग पेशींची गर्दी, मग घाईने विणलेलं कोलॅजन. त्यातले तंतू कमीजास्त जाडीचे आणि दिशाहीन. निरोगी प्रौढ पारपटलात नगण्य असणारं तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन व्रणात वाढलेलं. सिंट्रॉन यांनी ससे महिनोन्महिने सांभाळले, म्हणून आणखी एक गोष्ट हाती लागली. काळ जाता जाता व्रणातले तंतू हळूहळू सारखे होत गेले आणि पांढरेपणा कमी झाला. शरीर आधी भोक बुजवतं आणि विणकाम सुधारायला नंतर घेतं. लहान मुलांच्या पारपटलावरचे पुसट डाग वर्षांनी फिकट झालेले मी पाहिले आहेत. तेव्हा सिंट्रॉन यांच्या सशांची आठवण होतेच.

सशाचा डोळा मोठा, हाताळायला सोपा. मग संशोधक उंदराकडे का वळले? उंदराचा डोळा ज्वारीच्या दाण्याएवढा, पारपटल माणसाच्या चौथाई जाडीच्या आसपास. त्यातही वरच्या पेशीथराचा वाटा बराच मोठा, त्यामुळे स्ट्रोमा फारच थोडा. मोजमापाच्या दृष्टीने उंदीर गैरसोयीचा. पण उंदराचं जनुक बदलता येतं, आणि एकाच वंशाचे हजारो उंदीर जवळजवळ एकसारखे मिळतात. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावी अ‍ॅबी लॅथ्रॉप नावाची बाई शौकिनांसाठी उंदीर पाळत असे. पुढे ती ते प्रयोगशाळांना विकू लागली. तिच्याकडून आलेल्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून क्लॅरेन्स लिटल यांनी १९२१ साली सी-५७-ब्लॅक हा वंश सुरू केला. १९८९ साली ठरवून एखादं जनुक बंद केलेले पहिले उंदीर जन्मले. त्या तंत्राबद्दल कॅपेकी, इव्हान्स आणि स्मिथिज यांना २००७ साली नोबेल मिळालं. २००२ साली उंदराच्या जनुकसंचाचा मसुदाही छापून आला. मी हाताळलेले उंदीर त्याच काळ्या वंशाचे होते.

पारपटलाच्या शोधात या उंदरांनी दिलेलं पहिलं मोठं उत्तर शुक्ती चक्रवर्ती यांच्या नावावर आहे. कोलॅजनच्या तंतूंवर ल्युमिकन नावाचं एक लहान प्रथिन चिकटलेलं असतं. १९९८ साली चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी ल्युमिकनचं जनुक नसलेले उंदीर तयार केले. त्यांची कातडी सैल आणि नाजूक निघाली, आणि पारपटल धुरकट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्ट्रोमाच्या मागच्या भागात जाड, वेडेवाकडे तंतू दिसले. त्या उंदरांना जखम कुणी केलीच नव्हती. कोलॅजनही भरपूर होतं. रचना सांभाळणारं एक प्रथिन नव्हतं, एवढंच. २०११ साली फक्त पारपटलापुरतं पाचव्या प्रकारचं कोलॅजन बंद केलेले उंदीर तयार झाले, तेव्हाही तंतू जाड झाले, संख्येने घटले आणि पारदर्शकता गेली. मॉरिस यांनी कागदावर मांडलेला हिशेब आता जिवंत डोळ्यात पडताळून पाहता येत होता.

मी प्रयोगशाळेत होते तेव्हा आमच्यापुढचा प्रश्न जखमेचा होता. उंदराला भूल द्यायची, वेदनाशामक द्यायचं, आणि एकाच डोळ्यावर काम करायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही, हे नियम काटेकोर होते आणि मला ते योग्य वाटत. जखमा दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात पारपटलाच्या मधला पेशीथर तेवढा अलगद खरवडायचा, खालचं आधारपटल शाबूत ठेवायचं. दुसऱ्यात छोट्या फिरत्या बरने आधारपटलासह वरचा स्ट्रोमाही थोडा घासायचा. तेच बर आज मी दवाखान्यात ग्राइंडिंग करणाऱ्या कामगारांच्या पारपटलावरचा गंज काढायला वापरते. पहिल्या प्रकारची जखम एक-दोन दिवसांत बुजायची आणि पुढे डागही दिसायचा नाही. दुसऱ्या प्रकारात वरचा थर तितक्याच तत्परतेने परत यायचा, पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्याखाली धुरकटपणा जमायचा.

या फरकाचं कारण अनेक प्रयोगशाळांनी मिळून शोधलं. १९६८ साली बॉस्टनमध्ये क्लास डोलमन आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं होतं की वरचा पेशीथर काढला की त्याखालचे केराटोसाइट नाहीसे होतात. १९९६ साली स्टीव्हन विल्सन यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की या पेशी ठरवून मरतात. वरच्या जखमी पेशींतून इंटरल्युकिन-१ नावाचं प्रथिन खाली झिरपतं आणि त्याच्या इशाऱ्याने हे काही तासांतच घडतं. मग कडेचे केराटोसाइट जागे होऊन विभागतात. निरोगी प्रौढ पारपटलात त्यांची कोलॅजनची जनुकं जवळजवळ निजलेली असतात. उंदराच्या पिल्लाचे डोळे जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात, त्या सुमारास या पेशींचं विभाजन थांबत येतं. जखम झाली की पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनची जनुकं पुन्हा उठतात. हे आता प्रत्यक्ष पाहता येतं. कोलॅजनच्या जनुकाची कळ जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनाला जोडलेले उंदीर आहेत. त्यांच्यात कोलॅजन बनवू लागलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. निरोगी स्ट्रोमात अंधार असतो आणि जखमेच्या कडेला हिरव्या पेशींची दाटी.

इथे आधारपटलाचं काम कळतं. वरचा पेशीथर आणि अश्रू यांत टीजीएफ-बीटा नावाचा वाढीचा घटक असतो. आधारपटल शाबूत असेल तर तो खाली फारसा पोचत नाही. फाटलं तर तो स्ट्रोमात उतरत राहतो आणि तिथल्या पेशी मायोफायब्रोब्लास्ट बनतात. या पेशींत स्नायूंसारखं आकुंचन पावणारं प्रथिन असतं. त्या जखम ओढून घेतात, भराभर बेशिस्त कोलॅजन ओततात आणि स्वतःही प्रकाश विखुरतात. आधारपटल पुन्हा नीट उभं राहिलं की टीजीएफ-बीटाचा पुरवठा तुटतो, मायोफायब्रोब्लास्ट मरतात आणि धुरकटपणा ओसरू लागतो. ते उभं राहिलं नाही तर डाग कायमचा.

चष्मा घालवणाऱ्या लेसरमुळे या ज्ञानाला तातडी आली. मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन यांनी अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत एक्सायमर लेसरने ऊती न जाळता कापता येतात हे १९८१ साली दाखवलं. दोन वर्षांनी नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासह त्यांनी ते पारपटलावर वापरलं. सुरुवातीच्या पद्धतीत वरचा थर आधारपटलासह जायचा आणि काही रुग्णांच्या पारपटलावर धुरकटपणा यायचा. झडप उचलून आत लेसर मारण्याच्या लॅसिक पद्धतीत मधलं आधारपटल जागच्या जागी राहतं, त्यामुळे हा त्रास बराच कमी होतो. उंदरांत आणि सशांत जो नियम दिसला, तोच माणसांतही लागू पडला.

कोनहाइम आणि फिर्खो यांच्या वादाचा शेवटही उंदरातच लागला. २०१०मध्ये विल्सन यांच्या गटाने हिरव्या प्रथिनाची खूण असलेली अस्थिमज्जा साध्या उंदरांत रोवली आणि मग त्यांच्या पारपटलाला धुरकटपणा आणणारी जखम केली. काही मायोफायब्रोब्लास्ट हिरव्या निघाल्या, काही निघाल्या नाहीत. म्हणजे व्रण विणणाऱ्या काही पेशी रक्तातून येतात आणि काही जागच्याच असतात. बेडकात निळे कण सोडल्याला तेव्हा एकशे त्रेचाळीस वर्षं झाली होती, आणि युक्ती मुळात तीच होती : पेशीवर खूण करा आणि ती कुठे पोचते ते पाहा.

व्रण पुसता येईल का, या प्रश्नावर आशा वाटावी असं कामही झालं आहे. पिट्सबर्ग विद्यापीठात जेम्स फंडरबर्ग यांच्या गटाने २००९ साली ल्युमिकन नसलेल्या उंदरांच्या धुरकट पारपटलात माणसाच्या स्ट्रोमातल्या मूळपेशी टोचल्या आणि ती पारपटलं पारदर्शक झाली. २०१४ साली हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे सायन बसू आणि पिट्सबर्गचा हा गट यांनी मिळून पुढचं पाऊल टाकलं. पारपटलाच्या कडेचा छोटासा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवल्या आणि फायब्रिनच्या जेलमधून उंदराच्या ताज्या जखमेवर ठेवल्या. जिथे एरवी व्रण पडला असता, तिथे नीट रचलेला, पारदर्शक स्ट्रोमा तयार झाला. हे उंदरातलं यश आहे, हे मी रुग्णांना स्पष्ट सांगते. पण पारपटल नुसतं बदलण्याऐवजी त्याला पुन्हा नीट विणायला लावता येईल, हा विचार आता कल्पनेतला राहिलेला नाही.

या सगळ्याची किंमत प्राण्यांनी मोजली आहे, हे सांगणं मी माझं कर्तव्य समजते. १९४४पासून ड्रेझ चाचणीत सशांच्या डोळ्यांत रसायनं घालून त्यांचा दाह मोजला गेला, सौंदर्यप्रसाधनांसाठीसुद्धा. आपल्या देशाने २०१४ साली प्रसाधनांसाठी प्राण्यांवर होणाऱ्या चाचण्यांवर बंदी घातली, ते योग्यच झालं. पण शार्क, कोंबडी, ससा आणि उंदीर यांच्याकडून पारपटलाबद्दल जे कळलं, ते दुसऱ्या कोणत्या मार्गाने कळलं असतं असं मला वाटत नाही. ते ज्ञान वापरलं नाही, तर मात्र त्या प्राण्यांवर केलेला तो अन्याय ठरेल.

ते वापरायची जागा मोठं रुग्णालय नाही. ती शेताचा बांध आणि घराची ओसरी आहे. उंदरांनी शिकवलं की नुसतं खरचटलेलं पारपटल, खालचं आधारपटल शाबूत असेल तर, डाग न ठेवता बरं होतं. पण त्या ओरखड्यातून बुरशी किंवा जिवाणू आत शिरले तर ते आधारपटल आणि स्ट्रोमा दोन्ही पोखरतात आणि मग फूल अटळ होतं. याचा सर्वांत मोलाचा पुरावा नेपाळमधून आला. काठमांडू खोऱ्यातल्या भक्तपूर जिल्ह्यात डॉ. मदन उपाध्याय आणि सहकाऱ्यांनी ३४,९०२ लोकांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. गावातच प्रशिक्षित केलेले कार्यकर्ते डोळ्याला खरचटलेल्या प्रत्येकाला क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम तीन दिवस देत. अशा ४४२ जणांपैकी ४२४ जण, म्हणजे ९६ टक्के, संसर्ग न होता बरे झाले. अठरा तासांच्या आत उपचार सुरू झालेले २८४ जण होते. त्यांतल्या एकालाही पारपटलाचा संसर्ग झाला नाही. एक ते दोन दिवस उशिरा आलेले ४९ होते. त्यांतल्या १४ जणांना झाला. हा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. साधं मलम आणि वेळेवर पोचलेला माणूस, एवढ्यावर ही आकडेवारी उभी आहे.

माझ्याकडे येणारे रुग्ण अनेकदा चार-सहा दिवसांनी येतात. मधल्या काळात कुणी डोळ्यात मध घातलेला असतो, कुणी तूप, कुणी दुकानातून विचारून आणलेले स्टेरॉइडचे थेंब. स्टेरॉइडने लाली कमी होते, दुखणं थांबतं आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. तोवर आधारपटल गेलेलं असतं आणि पुढे जे विणलं जाणार, ते बेशिस्तच विणलं जाणार.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. पान, कुसळ, खडा, ठिणगी, काहीही डोळ्याला लागलं, तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. चुना उडाला असेल तर आधी भरपूर पाण्याने बराच वेळ धूत राहा आणि मगच निघा. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोणतेही थेंब घालू नका, कालपर्यंत शेजाऱ्याला लागू पडलेले असले तरी. आणि ज्यांच्या डोळ्यात फूल पडून गेलं आहे, त्यांच्यापैकी अनेकांना आजही दुसऱ्याचं पारपटल हाच एक उपाय आहे. त्यासाठी मृत्यूनंतर लगेच नेत्रपेढीला कळवावं लागतं, म्हणजे सहा तासांच्या आत डोळे काढून घेता येतात. हा निर्णय घरात आधीच बोलून ठेवा.